पुळणीमागे 120 खोल्यांचं हॉटेल येतंय. ग्रामसभेत हरकत कशी मांडू?

मर्यादावेल

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका समुद्राकाठच्या वाडीत राहते. गावाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कागद अजून पुरते हातात आलेले नाहीत आणि अर्धवट माहितीवर कुणाचं नाव घेणं मला पटत नाही.

आमच्या समोर पुळण. पुळणीच्या माथ्याला वाळूचे उंचवटे, त्यांच्यावर मर्यादावेल पसरलेली आणि केवड्याची बनं. मग सुरूची झाडं, त्यांच्यामागे एक मोकळा पट्टा, आणि त्यापलीकडे माडांत दडलेली आमची सत्तरएक घरं. तो मोकळा पट्टा, साधारण नऊ एकर, गेल्या दोन वर्षांत विकला गेला. विकणारे आमचेच आहेत. मुंबईला असतात, गणपतीला येतात. त्यांच्यावर माझा राग नाही. सात हिश्शांत वाटलेली वाळूची जमीन कोण कसणार?

डिसेंबरात पंचायतीत अर्ज आला. 120 खोल्या, पोहण्याचा तलाव, लग्नांसाठी हिरवळ. पंचायतीकडे ना हरकत दाखला मागितलाय आणि विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आहे. मांडावर वाडीची बैठक झाली, तेव्हा लिहायचं काम सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. एकवीस वर्षं अंगणवाडी सांभाळली, अर्ज लिहायची सवय आहे म्हणून. मी चार पानं लिहिली. सरपंचांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "वहिनी, ह्यां वाचून रडू येता, पण ह्या पत्राचा मी करू काय?" रात्री मी ती पानं पुन्हा वाचली. त्यांत 'परंपरा' आणि 'विनाश' हे शब्दच जास्त होते. त्यांचं बरोबर होतं.

मला खरी भीती आहे ती बावीची, म्हणजे विहिरीची. आमच्या घरामागची बाव बावीस फूट खोल आहे. वैशाखात तळाला दोन-अडीच फूट पाणी उरतं, पण गोडं. समुद्र हाकेवर आणि पाणी गोडं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून ती एकदाही आटली नाही. पलीकडच्या वाडीत एकाने बागेसाठी मोठा पंप बसवला आणि दोन उन्हाळ्यांत लगतच्या दोन विहिरी मचूळ झाल्या. डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं. तिथल्या बायका आता पिण्याचं पाणी दुसरीकडून डोक्यावरून आणतात.

दुसरी गोष्ट वाटेची. देवळाच्या पारापासून पुळणीवर जाणारी रापणीची वाट नेमकी त्या नऊ एकरांतून जाते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढायला चाळीस-पन्नास माणसं लागतात. तारली किंवा बांगड्याची झुंड किनाऱ्याला लागली की एकजण हाळी देतो आणि हातातलं काम टाकून सगळे धावतात. दोन किलोमीटर वळसा घालून पोहोचलो तर मासा थांबायचा नाही. आणि पुळणीवर दर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात, तिथे रात्रभर दिवे लागले तर काय, हाही प्रश्न आहेच.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझ्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, निवास-न्याहारीच्या नोंदणीसह. म्हणजे पर्यटक नकोत असं मी म्हणूच शकत नाही. आणि मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरी करतो. तो फोनवर म्हणाला, "आई, विरोध करू नकोस, मला घरी परत यायची ही एकच संधी आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून विचारते. मला नुसता आरडाओरडा करायचा नाही. टिकेल अशी हरकत कशी लिहायची? कुठले कागद मागायचे? सतरा दिवस उरलेत.

---

तुटकरेघ

ताई, मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीची कामं करत निवृत्त झालो. उद्याच्या उद्या पहिलं काम करा: मूळ गावनकाशाची प्रमाणित नक्कल काढा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. रापणीची वाट त्या नऊ एकरांतून जाताना अशा रेघेत दिसली, तर तुमचं निम्मं काम झालं. जमीन विकली म्हणून नकाशावरची वाट विकली जात नाही.

नकाशात नसेल तरी खचू नका. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, विनाखंड वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो, आणि रूढीने चालत आलेला हक्कही तो कायदा मानतो. त्यासाठी पुरावा लागतो. वाडीतल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं करा. रापणीतल्या मासळीच्या वाटपाच्या जुन्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या खाली काढा, त्यांच्या तारखा सोन्यासारख्या आहेत. सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकानाही वाचा. माझ्या अनुभवात तो रकाना कुणी वाचतच नाही.

आता किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड. सध्या 18 जानेवारी 2019 ची अधिसूचना लागू आहे. तिच्यात ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे ना-विकास पट्टा 50 मीटर, बाकी ठिकाणी 200 मीटर. सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता 163 आहे. तुमचं गाव 2161 च्या जवळपासही जाणार नाही, म्हणजे उच्चतम भरती रेषेपासून 200 मीटर. कुणी '50 मीटर' म्हणालं तर हा आकडा समोर ठेवा. पण अंतर पावलांनी किंवा लाटेच्या ओळीवरून मोजू नका. भरतीची रेषा मंजूर किनारा आराखड्यावर आखलेली असते, तीच धरायची. गट क्रमांक दिसतील असा मोठ्या मोजपट्टीचा नकाशा मागा.

वाळूचे उंचवटे आणि कासवांच्या विणीच्या जागा याच अधिसूचनेत सीआरझेड-1 अ मध्ये येतात. हे सर्वांत कडक संरक्षण. पण ते आराखड्यावर दाखवलेले आहेत का, ते पाहा. नसतील तर तीच तुमची पहिली लेखी हरकत.

एक गोष्ट मनाला लागेल, तरी सांगतो. 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे खाणीसाठी किंवा कारखान्यासाठी मांडव घालून गावाचं ऐकतात, तसं तुमच्यासाठी कुणी येणार नाही. 26 जानेवारीची ग्रामसभा हीच तुमची सुनावणी समजा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असलेली संख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला कोण उरतं ते तुम्हाला माहीत आहे. माणसं आणा. ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला हवी, तिथे पाण्याचा विषय ठरावात घ्या.

---

परळचा चाकरमानी

मी तुमच्याच तालुक्यातला, तीस वर्षं मुंबईत. राग मानू नका, पण हे वाचून मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हा मी विशीत होतो. आता रोजगार येईल म्हणून आम्ही आनंदलो होतो. माझ्या वर्गातल्या बावीस मुलांपैकी आज गावात चौघं आहेत. घरं बंद. माझ्या आईने शेवटची आठ वर्षं एकटीने काढली आणि ती गेली तेव्हा मी दादरहून गाडीत होतो.

दर वेळी प्रकल्प आला की हरकत, मोर्चा, कोर्ट. मग जमीन पंधरा-वीस वर्षं तशीच पडते. ज्यांची जमीन गेली त्यांना ना मोबदल्याचं समाधान, ना नोकरी. तुमचा मुलगा जे म्हणतो ते माझ्या आईला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्याचं ऐका एवढंच सांगतो.

---

मर्यादावेल

तुटकरेघ काका, नकाशाचा अर्ज आजच दिला. माहिती अधिकाराचा अर्जही केलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आराखडा, पाण्याचा स्रोत काय दाखवलाय तो कागद, आणि सांडपाण्याची व्यवस्था, एवढं मागितलंय. तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे ग्रामसभेआधी उत्तर येणं कठीण. म्हणून पंचायतीत आलेल्या अर्जाची प्रत वेगळी मागितली. ती मिळाली. पाण्याच्या रकान्यात लिहिलंय, 'प्रस्तावित कूपनलिका'. तीन.

दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ तशीच बसले. तुमच्या आईचं वाचून माझी आई आठवली. मी रागावले नाही. मला मुलगा परत हवाय. पण तो परत आला आणि घरची बाव मचूळ झालेली असली, तर तो इथे राहणार कसा? नोकरी हॉटेल देईल, पाणी कोण देणार? हॉटेल नको, असं पत्रात लिहायचं नाही हे मी आता ठरवलंय. आमच्या पाण्यावर आणि आमच्या वाटेवर नको, एवढंच.

---

जांभा

तीन कूपनलिका वाचून राहवलं नाही. मी भूजलाच्या क्षेत्रात काम करते, कोकण किनारा बराच पायाखालून गेलाय.

तुमच्या बावीत गोडं पाणी का आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे ग्रामसभेत तुम्हालाच सांगता येईल. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. दोन्ही पाण्यांच्या जडपणातला फरक अगदी थोडा असतो. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. हिशेब उलटाही तसाच चालतो. उपशामुळे वरची पातळी एक फूट उतरली, की खालून खारं पाणी हळूहळू चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. तुमची बाव वरवरचं पाणी घेते म्हणून टिकली. कूपनलिका खोल जाते आणि नेमकी खाऱ्या पाण्याला वर ओढते. पलीकडच्या वाडीत हेच झालं असणार. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कैक पावसाळे जातात, काही होतच नाहीत.

आता ग्रामसभेसाठी हिशेब. हॉटेलच्या एका खाटेला दिवसाला 180 लिटर पाणी धरायचं, असं भारतीय मानकात आहे. 120 खोल्या, दोन-दोन खाटा, म्हणजे 43,200 लिटर रोज. पोहण्याचा तलाव आणि हिरवळ यांचं पाणी वेगळं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरतात. म्हणजे एका हॉटेलच्या खोल्यांना लागेल तेवढं पाणी 785 माणसांना पुरतं. तुमच्या सत्तर घरांत किती माणसं आहेत ते मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.

भरती रेषेपासून 200 मीटरच्या आत हॉटेलने भूजल उपसू नये आणि 200 ते 500 मीटरमध्ये भूजल यंत्रणेच्या संमतीनेच उपसावं, ही अट 1991 च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेपासून किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, 2011 मध्येही होती. सध्याच्या अधिसूचनेचं परिशिष्ट काढून त्यातले शब्द जसेच्या तसे ठरावात उतरवा. आपल्या शब्दांत सांगू नका. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायला राज्याच्या भूजल कायद्याचं बंधन आहे. वाडीची नळयोजना कुठल्या विहिरीवर आहे आणि ती त्या जागेपासून किती लांब, हे मोजून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आजपासून बाव मोजायला लागा. काठावर रंगाने एक खूण करा, टेप सोडा, पाण्यापर्यंतचं अंतर लिहा. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र काही शेकड्यांत मिळतं. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. एक बाव नको, पाच-सहा घ्या: समुद्राजवळची, मधली, टेकडीकडची. पलीकडच्या वाडीतल्या बिघडलेल्या दोन विहिरीही त्याच वहीत घ्या. उद्या पाणी खारट झालं आणि तुम्ही म्हणालात की आधी गोडं होतं, तर समोरचा विचारेल, कशावरून? तेव्हा ही वही लागेल. मी अशा किती गावांत गेले जिथे सगळ्यांना सगळं आठवत होतं आणि कुणीच काही लिहून ठेवलं नव्हतं.

---

पेडण्याहून

आम्ही तुमच्या शेजारचे, तेरेखोलच्या अलीकडे राहणारे. वाटेविषयी सांगतो. आमच्या गोव्यातल्या दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. किनारा सर्वांचा, तिथे जाणारी वाट हॉटेलला अडवता येणार नाही, असा निकाल जानेवारी 2009 मध्ये लागला. आम्हाला केवढा आनंद झाला होता. पण त्याच वर्षी गोवा सरकारने आधी अध्यादेश आणि मग कायद्यात दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला. म्हणून माझं सांगणं असं की निकालावर विसंबू नका, वाट बांधकामाच्या आधी कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे पक्की करा. 'स्थानिकांना ये-जा करू दिली जाईल' हे वाक्य ठरावात चालवून घेऊ नका. 'करू दिली जाईल' म्हणजे उद्या फाटकावरचा पहारेकरी ठरवणार. रुंदी किती, कुठल्या गटातून, दिवसरात्र खुली, होडी आणि टेम्पो जाईल एवढी, फाटक नाही, असं लिहा. मोजणी करून दगड पुरून घ्या.

केरळात वेंबनाड सरोवरातल्या नेडियतुरुत बेटावर 54 व्हिला बांधून झाले होते. त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेले ते तिथले मच्छीमार, कारण त्यांची खुंटजाळी उखडली गेली होती. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं पाडायला सांगितलं. मच्छीमार जिंकले हे खरं, पण ते बांधून झाल्यावर. तुमच्याकडे अजून वीट रचलेली नाही, हे तुमचं मोठं भाग्य आहे.

मंजुरी मिळालीच तर लक्षात ठेवा: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील तीस दिवसांत करायचं असतं, फार तर आणखी साठ दिवस वाढवून मिळतात. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. आमच्याकडे एक चांगलं प्रकरण फक्त मुदत चुकली म्हणून गेलं.

---

मर्यादावेल

सगळ्यांचे मनापासून आभार. झालेलं सांगते.

गावनकाशाची नक्कल आली. काका, रेघ आहे. दुहेरी, तुटक, पारापासून थेट पुळणीपर्यंत. ज्या म्हाताऱ्यांना नकाशा दाखवला त्यांनी बोट ठेवून वाट ओळखली. त्यांच्या लहानपणी तिथून बैलगाडीने तारली जायची, माडांना खत म्हणून.

चार पानांचं पत्र मी फाडलं. आता दीड पान आहे. पहिला परिच्छेद पाण्याचा: वाडीत 312 माणसं, 55 लिटरप्रमाणे 17,160 लिटर, आणि समोर 43,200. त्याखाली मागणी की भूजल यंत्रणेची लेखी संमती आणि आमच्या बावींची पाहणी झाल्याशिवाय ग्रामसभा दाखल्याचा विचार करणार नाही. एकही कूपनलिका नको, पाणी कुठून आणणार ते आधी सांगा. दुसरा परिच्छेद वाटेचा, नकाशाच्या नकलेसह, रुंदी आणि गट क्रमांकांसह. तिसरा उंचवटे आणि कासवांचा. गावातल्या कासवमित्राकडे गेल्या सहा वर्षांच्या घरट्यांच्या नोंदी होत्या, तारीख आणि जागा लिहिलेल्या. त्यातली चार घरटी त्या नऊ एकरांच्या अगदी समोरची. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून नोव्हेंबर ते मे समुद्राकडे एकही दिवा नको, हे त्याच्याच शब्दांत घेतलं.

चौथा परिच्छेद चाकरमानी दादांमुळे आला. मंजुरी झालीच तर नोकऱ्यांत गावातल्यांना किती जागा, कुठल्या कामाच्या आणि कायम की हंगामी, हे लेखी द्या. नुसतं झाडलोटीचं काम देऊन 'स्थानिकांना रोजगार' म्हणू नका. माझा मुलगा स्वयंपाकघरात शिकलेला आहे. हा परिच्छेद लिहिताना त्याला फोन केला होता, शब्द त्यानेच सुचवले. या रविवारी तो येतोय, ग्रामसभेलाही रजा काढणार म्हणाला.

सभेत कोण काय बोलेल ते मला माहीत नाही. काहींचं आत्ताच म्हणणं आहे की वहिनी आडवी आली. सासूबाईंनी मात्र मला काल सांगितलं, "हॉटेल येवंदे नायतर रवांदे, बाव गोडी रवाक व्हयी."

बावीच्या काठाला निळ्या रंगाची खूण केलीय. सहा बावी ठरल्या आहेत, दोन बावींचं माप सासूबाई घेतात. आज ओहोटीला आमच्या बावीत खुणेपासून पाणी 13 फूट 7 इंचांवर, टीडीएस 290. पलीकडच्या वाडीतल्या बिघडलेल्या विहिरीत 2,340. दोन्ही आकडे एकाच पानावर लिहिलेत. उद्या अमावास्या आहे, उधाणाची भरती येईल, तेव्हा पुन्हा मोजायचंय.